कीटकभक्षी झाडांना पीट लागतंच का? ठाणे-नवी मुंबईच्या हवेत कमी पीटची आणि बिनपीटची मिश्रणं

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहते. बाल्कनी पूर्वेची. एक व्हीनस फ्लायट्रॅप (सापळ्यासारखी पानं मिटून किडे धरणारं), दोन ड्रॉसेरा (पानांवर चिकट दव धरणारी दवबिंदूची झाडं) आणि एक घटपर्णी (नेपेंथिस व्हेंट्राटा) एवढी झाडं आहेत. पीटसाठी दलदली खणून काढतात हे कळल्यापासून ते वापरायला मन धजत नाही. म्हणून महिन्याभरापूर्वी सगळी झाडं कोकोपीटमध्ये लावली. फ्लायट्रॅपची पानं काळी पडत चालली आहेत, एका ड्रॉसेराला दव धरत नाही, घटपर्णी मात्र ठीक आहे. पीटशिवाय ही झाडं जगतच नाहीत का? अर्धी पिशवी पीट घरात पडून आहे, तिचं काय करू?

उत्तर:

ताई, फ्लायट्रॅप आधी कोकोपीटमधून बाहेर काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. कुंडी आडवी करून झाड अलगद सोडवा आणि मुळं आरओच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने धुवा. पानांच्या बुडाशी छोट्या कांद्यासारखा पांढरा गड्डा दिसेल. तो बोटांनी दाबून बघा. टणक असेल तर सगळी पानं काळी झाली असली तरी झाड वाचतं. पिचपिचीत, तपकिरी झाला असेल तर कुजका भाग स्वच्छ ब्लेडने कापा आणि जो पांढरा तुकडा उरेल तेवढाच लावा. लावायचा कशात? निम्मं पीट आणि निम्मं परलाइट (ज्वालामुखीच्या खडकाचे भाजून फुगवलेले पांढरे, हलके दाणे). हो, पीटच. त्या अर्ध्या पिशवीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. ते खणून, वाळवून, जहाजाने इथवर आलेलं आहे, आता फेकून दिलंत तर दलदलीला त्यातलं काही परत मिळणार नाही. फक्त आधी पिशवीवरचा मजकूर नीट वाचा आणि पीट हातावर घेऊन त्यात पांढरे किंवा रंगीत, म्हणजे खताचे, दाणे नाहीत ना ते पाहा. दोन-तीन आठवडे झाड उजेडात पण दुपारच्या उन्हाबाहेर ठेवा आणि किडे भरवू नका. आजारी सापळ्यात घातलेला किडा पचत नाही, सापळ्यासकट सडतो.

आता मूळ प्रश्न. ही झाडं पीटशिवाय जगतात, चांगली वाढतात. ऐरोलीच्या माझ्या गच्चीवर घटपर्णी, ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलारिया (बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडणारी इवली झाडं) आज पूर्णपणे बिनपीटच्या मिश्रणात आहेत. फ्लायट्रॅप आणि सारासेनियाच्या (उभ्या नळीसारख्या पानांची अमेरिकन कीटकभक्षी झाडं) काही कुंड्यांत अजून थोडं पीट घालतो, त्याचं कारण पुढे सांगतो. पण पीट काढून त्या जागी दुसरी एखादी पिशवी ओतली, असं हे काम होत नाही. झाडाला पीटच हवं असतं असं नाही, पीट जे काम करतं ते हवं असतं. ते काम दुसऱ्या कशाकडून कसं करून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

पीट म्हणजे स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे थर दलदलीत पाण्याखाली, हवेविना, हजारो वर्षं न कुजता साचत गेलेले. साधारण वर्षाला एक मिलिमीटर या वेगाने ते साठतं. म्हणजे वीतभर पीट साचायला दोनशेच्या आसपास वर्षं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा, पण जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी जवळपास एक तृतीयांश तिथे आहे. दलदलीचं पाणी चर खणून काढलं आणि पीट उघडं पडलं की तो कार्बन हवेत जायला लागतो. आपल्याकडे पिशव्यांतून येणारं पीट बाल्टिक देशांतून किंवा कॅनडातून आलेलं असतं. त्यामुळे तुमच्या मनात जे आलं ते योग्यच आहे, आणि एका बाल्कनीने काय फरक पडतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

हे पीट कुंडीत चार गोष्टी करतं. त्यात विरघळणारे क्षार जवळजवळ नसतात. ते आम्ल असतं, सामू (पीएच) साडेतीन ते साडेचारच्या आसपास. ते पाणी धरून ठेवतं. आणि परलाइट किंवा वाळू मिसळली की मुळांना थोडी हवाही देतं. या झाडांनी नायट्रोजन आणि फॉस्फरस पानांवाटे, किड्यांकडून मिळवायची सोय केलेली आहे. मुळं मुख्यतः पाणी घ्यायला आणि धरून उभं राहायला. गुलाबाला जे खत वाटतं तेच या मुळांना भाजतं. चारांपैकी क्षार नसणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. सामू थोडा इकडेतिकडे झाला तर झाड महिनोन्‌महिने सहन करतं, क्षारांना ते महिनाभरात बळी पडतं. तुमच्या फ्लायट्रॅपचं तेच झालं आहे.

कोकोपीट या नावाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. त्यात पीटचा कणही नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की खाली जो भुसा उरतो तो म्हणजे कोकोपीट. नारळ किनाऱ्यावरचा, सोडणं कित्येकदा खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घातलेली, त्यामुळे भुशात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर. जास्वंदीला किंवा मनी प्लांटला ते चालून जातं. फ्लायट्रॅपची कुंडी मात्र पाण्याच्या थाळीत उभी असते. पाणी खालून चढतं, वरून उडून जातं आणि क्षार वरच्या थरात, नेमके गड्ड्यापाशी साठत जातात. घटपर्णीला तुम्ही वरून पाणी घालता, ते निथळून जाताना क्षार घेऊन जातं. शिवाय व्हेंट्राटा हा या कुटुंबातला सर्वांत सोशिक गडी आहे. एकाच मिश्रणात एक झाड खंगतंय आणि दुसरं हसतंय, त्यामागे एवढंच आहे.

कोकोपीट धुणं हे या सगळ्या खटाटोपातलं खरं काम. मी सांगतो तसं करा, आणि दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आधी घ्या, त्याशिवाय हे आंधळेपणाने करण्यासारखं आहे. ६५० ग्रॅमची वीट मोठ्या बादलीत नळाच्या पाण्यात फुगवा, आठ-नऊ लिटर भुसा होतो. रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या पंचात घेऊन पिळा आणि पिळलेल्या पाण्यात मीटर बुडवा. माझ्याकडे पहिल्या पाण्याचा आकडा विटेप्रमाणे ८०० ते १५०० पीपीएम (दर लिटर पाण्यात तेवढे मिलिग्रॅम क्षार) येतो. पुन्हा भरा, पुन्हा रात्रभर, पुन्हा पिळा. चार-पाच पाण्यांनंतर आकडा नळाच्या पाण्याजवळ येतो. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच चूक होते. क्षारांचा एक भाग पाण्यात लगेच सुटतो, दुसरा भुशाच्या कणांना धरून बसलेला असतो आणि सावकाश सुटतो. म्हणून हा भुसा ओलाच झाकून आठवडाभर ठेवून द्या आणि मग पुन्हा मोजा. आकडा परत चढलेला दिसेल. शेवटची दोन पाणी आरओची किंवा पावसाची द्या. खात्रीसाठी एक वाटी पिळलेला भुसा दोन वाट्या आरओच्या पाण्यात चोवीस तास ठेवा. वरचं पाणी ५०-६० पीपीएमच्या आत आलं तरच तो भुसा ड्रॉसेराच्या जवळ न्या. घटपर्णीला शंभरपर्यंत चालतं.

मोठ्या नर्सऱ्या हे धरून बसलेले क्षार सोडवायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भुसा भिजवतात. टोमॅटो-काकडीसाठी ते उत्तम आहे. आपल्या झाडांसाठी मी ते टाळतो, कारण धुण्यात जराशी कसर राहिली तर नायट्रेट कुंडीत जातं. आपल्याला घाई नाही, वेळ देणं परवडतं.

आणि आपल्याकडे वेळेबरोबर पाऊसही आहे. ठाण्यात मोसमात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. जूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरी जाऊ दिल्या की मी फुगवलेला भुसा कांद्याच्या जाळीदार गोणीत, आत जुनी सुती साडी घालून भरतो आणि गच्चीवर विटांवर ठेवतो. दर आठवड्याला गोणी उलटायची. ऑगस्टअखेर तो भुसा आरओच्या पाण्याने धुतल्याइतका स्वच्छ निघतो, आणि एक थेंबही विकत घ्यावा लागत नाही. तुमच्याकडे ग्रिलमध्ये लहान गोणी राहील. एकच सांभाळा: पावसाचं पाणी सिमेंटच्या पत्र्यावरून किंवा स्लॅबवरून वाहत येत असेल तर ते चुना घेऊन येतं. गोणी आणि पाणी साठवायचं पिंप, दोन्ही उघड्या आभाळाखाली किंवा लोखंडी पत्र्याच्या पागोळीखाली हवीत.

आता बाकीचा माल. स्फॅग्नम मॉस, म्हणजे लांब तंतूंचं वाळवलेलं शेवाळ, चिली आणि न्यूझीलंडहून येतं. हे पीट नव्हे. पीट म्हणजे खालचा जुना मेलेला थर, आणि हे वरचं जिवंत शेवाळ कापून वाळवलेलं. बुडखे राखून कापलं तर ते काही वर्षांत पुन्हा वाढतं. ओरबाडून काढलं तर नाही. म्हणून मी ते निष्पाप समजत नाही, जपून वापरतो. गुणांना मात्र तोड नाही. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं, आम्ल राहतं आणि इतकं पाणी धरूनही तंतूंच्या मधे हवा खेळती राहते. विकत घेताना सजावटीचं हिरवं रंगवलेलं मॉस घेऊ नका. आणि मॉस-स्टिकसाठी पोत्याने विकतात ते झाडांच्या खोडांवरून खरवडलेलं शेवाळ तर मुळीच नको. ते स्फॅग्नम नाही, आणि तेही कुठल्यातरी जंगलाचं कातडं सोलून आणलेलं असतं. दलदल वाचवायला निघून सह्याद्री उघडा करायचा नाही.

वाळूच्या बाबतीत आपल्याकडे माणसं फार फसतात. रेतीबंदरची खाडीची रेती खारट, समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुना, बांधकामाची क्रश सँड म्हणजे दळलेला काळा दगड आणि त्याची धूळ. तिन्ही नकोत. पाण्याच्या फिल्टरमध्ये आणि पोहण्याच्या तलावाच्या टाकीत भरतात ती गारगोटीची सिलिका सँड घ्या, एक ते दोन मिलिमीटर दाण्याची. कोकणात कणकवली तालुक्यात कासार्डेला ती निघते. शंका आली तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना आहे, परत करा.

परलाइट सगळ्यांना माहीत आहे. ओलं करून मग हाताळा, त्याची धूळ छातीला वाईट. व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखं, भाजून फुगवलेलं खनिज) वापरू नका, ते पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सोडतं. परलाइटऐवजी निम्म्या भागापर्यंत मी भाताचं तूस घालतो. कर्जत-मुरबाडकडच्या गिरणीत ते पोत्याने मिळतं. तासभर उकळून, दोनदा धुऊन घ्यायचं, म्हणजे त्यातले चुकार दाणे उगवत नाहीत. वर्ष-सव्वा वर्ष ते आपला आकार धरतं. पण जळकं तूस, ते काळं, भट्टीतलं, याबद्दल सावध करतो. त्याच्या राखेमुळे मिश्रण अल्कधर्मी होतं. एका पावसाळ्यात सारासेनियाच्या दोन ट्रेमध्ये मी ते न धुता मिसळलं. तीन महिन्यांत नवी पानं पिवळी आणि बुटकी यायला लागली. सामूचा कागद लावला तर आठ. सगळी झाडं उपटून धुवावी लागली, सहा गेली.

अशीच एक गोष्ट विकतच्या पीटची. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून "शुद्ध पीट मॉस" म्हणून घेतलेल्या पिशवीत चुना आणि खत आधीच मिसळलेलं निघालं. भाजीच्या रोपांसाठी तसं पीट मुद्दाम तयार करतात, कारण त्यांना साडेपाच-सहाचा सामू लागतो. माझी तीसेक ड्रॉसेराची रोपं पंधरा दिवसांत गेली. पीट होतं म्हणून झाडं सुरक्षित, असं तेव्हापासून मी मानत नाही. कुठलंही मिश्रण असो, भिजवून मोजल्याशिवाय झाड त्यात जात नाही.

आता तुमच्या प्रत्येक झाडाचं बघू. घटपर्णीपासून सुरुवात करा, तिथे पीटची गरज कधीच नव्हती. मूळच्या रानात यातल्या कित्येक जाती झाडांच्या खोडांवर, पालापाचोळ्यात, कड्यांवर वाढतात. मुळांना ओल हवी पण साचलेलं पाणी नको. मी तीन भाग सोडणाचे धुतलेले तुकडे, दोन भाग पाइनची साल, एक भाग परलाइट आणि मूठभर लाकडी कोळशाचे बारीक तुकडे घेतो. वर बोटभर स्फॅग्नम. सोडणाचे तुकडे वाळलेल्या नारळाचे घ्या, शहाळ्याच्या गाड्यावरचे हिरवे नकोत, ते बुरशीने भरतात. तुकड्यांनाही भुशासारखंच धुवायचं, मीठ त्यांच्यातही असतं. खाली थाळी ठेवायची नाही. तुमची व्हेंट्राटा आत्ता नुसत्या भुशात आहे, ती लगेच हलवायची गरज नाही, पण पुढच्या जूनपर्यंत भुसा दबून मुळं गुदमरतील. तेव्हा बदला. हेच मिश्रण मेघालयातल्या आपल्या नेपेंथिस खासियानालाही मानवतं. ती मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित जात आहे, जंगलातून आणलेलं रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

ड्रॉसेरासाठी दोन भाग स्वच्छ भुसा, एक भाग सिलिका सँड, एक भाग परलाइट किंवा उकळलेलं तूस, आणि वर एक सेंटिमीटर बारीक कापलेलं स्फॅग्नम. वरचा थर शोभेचा नाही. क्षार वर चढून आले तरी पानांच्या बुडाशी आधी स्फॅग्नमचा आम्ल थर असतो, आणि भुशावर पहिल्या पंधरवड्यात येणारी पांढरी बुरशी त्याखाली दबते. ती बुरशी निरुपद्रवी असते, घाबरून बुरशीनाशक मारू नका. तुमच्या ज्या ड्रॉसेराला दव धरत नाही, त्याचं आत्ताचं मिश्रण बदलण्याआधी एक करून पाहा: कुंडी सिंकमध्ये ठेवून वरून दोन लिटर आरओचं पाणी हळूहळू ओता, खालून निघालेलं शेवटचं पाणी मोजा. आकडा शंभराच्या वर असेल तर सरळ बदला. खाली असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, नव्या पानांवर दव येतं का ते बघा. जुन्या पानांवर परत येत नाही, त्यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नका.

फ्लायट्रॅप आणि सारासेनिया हे अमेरिकेतल्या आम्ल, ओल्या, वालुकामय जमिनीचे रहिवासी. क्षारांना सर्वांत नाजूक हेच, आणि भुशाचा सामू साडेपाच-सहाच्या खाली फारसा उतरत नाही. इथे मी घाई न करण्याचा सल्ला देतो. झाड सावरल्यावर पहिल्या वर्षी एक भाग पीट, एक भाग धुतलेला भुसा, एक भाग सिलिका सँड, एक भाग परलाइट. म्हणजे पीट निम्म्यावरून पाव भागावर आलं. झाड दुसऱ्या वर्षी नव्या गड्ड्यांनी फुटलं तर एक फुटवा पूर्ण बिनपीटच्या मिश्रणात लावा: दोन भाग स्फॅग्नम, एक भाग परलाइट. हे मिश्रण फ्लायट्रॅपला पीटपेक्षाही आवडतं असं माझं मत झालं आहे. अडचण दोनच, महाग पडतं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी लवकर वाळतं. घरातली अर्धी पिशवी पाव भागाच्या हिशेबाने तुम्हाला काही वर्षं पुरेल, नवी आणावी लागणार नाही. सामू खाली आणायला व्हिनेगर किंवा लिंबू कुंडीत ओतू नका. त्यातलं आम्ल जिवाणू खाऊन टाकतात, सामू परत वर येतो आणि मधल्या काळात मुळं सोसतात.

फ्लायट्रॅपविषयी एक खरी गोष्ट सांगून टाकतो. त्याला तीन-चार महिने कडक थंडीची विश्रांती लागते. ठाण्यात जानेवारीच्या रात्री तेवढ्या थंड होत नाहीत. आपल्याकडचे फ्लायट्रॅप दोन-तीन वर्षांत खंगतात त्याचं कारण बहुतेकदा ही न मिळालेली थंडी असते. ते झालं तर बिनपीटच्या मिश्रणाला दोष देऊ नका.

पाण्याचं थोडक्यात. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी माझ्या नळाला ६० ते ९० पीपीएम दाखवतं. घटपर्णीला मी तेच देतो, थाळीतल्या झाडांना नाही. घोडबंदरला अनेक सोसायट्यांत टँकर येतात आणि बोअरचं पाणी मिसळतं, त्यामुळे आज ८० असलेला आकडा उद्या ४०० असू शकतो. टँकर आला की मोजा. थाळीत ५० पीपीएमच्या आतलंच पाणी. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी धुण्याभांड्याला द्या, झाडांना कधीही नाही, सगळे क्षार त्याच नळीतून बाहेर पडतात. एसीचं पाणी आकड्याने उत्तम असतं, पण उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसांचं, बुरशीचा वास येणारं सोडून द्या.

थाळीत पाणी एक-दोन सेंटिमीटरच ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस थाळी रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही फेरी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. पालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा आपली झाडं डास खातात हे सांगून उपयोग नाही, थाळीतल्या अळ्या ती खात नाहीत. या कोरड्या दिवसाचा दुसराही फायदा आहे. भुशाचं मिश्रण सतत भरल्या थाळीत, आपल्या उकाड्यात, तळाशी सडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पीटलाही येतो, भुशाला लवकर येतो. शिवाय भुसा वरून वाळलेला दिसतो आणि आत चिंब असतो. बोट लावून ठरवू नका, कुंडी उचलून वजन बघायची सवय लावा.

तुमच्या बाजूला मेट्रोचं आणि टॉवरांचं काम चालू आहे. सिमेंटची धूळ बाल्कनीत येत असणारच, आणि ती कुंडीत पडली की सामू चढवते. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा वरून आरओचं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा. धूळही जाते, साठलेले क्षारही जातात.

बिनपीटची मिश्रणं पीटपेक्षा लवकर संपतात, हे मान्य करूनच त्यांच्याकडे वळायचं. पीट दोन-तीन वर्षं तग धरतं, भुसा दीड वर्षात दबतो, स्फॅग्नम दोन वर्षांत. आपल्याकडे घटपर्णी जूनच्या सुरुवातीला बदलावी, ड्रॉसेरा ऑक्टोबरमध्ये, फ्लायट्रॅप जानेवारीच्या शेवटी. मे महिन्यात कशालाही हात लावू नका.

शेवटी, तुमच्या "जगतच नाहीत का" या शब्दांमुळे आठवलेली एक गोष्ट. कासच्या पठारावर, आंबोलीला, रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, आणि सीतेची आसवे, म्हणजे युट्रिक्युलारिया, हजारोंनी फुलतात. तिथे पीट कुठे आहे? कातळावर इंच-दोन इंच मातीचा थर, कुठे तेवढाही नाही. पण लाखो वर्षांच्या पावसाने जांभ्यातला चुना आणि बाकीचे क्षार धुऊन नेले आहेत, उरलं आहे ते लोह आणि अॅल्युमिनियम, जे फॉस्फरसही धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. वरून संततधार ओल. क्षार नसलेली, भुकेली, आम्ल, ओली जागा. पीटने जे काम युरोपात केलं ते आपल्याकडे दगडाने केलं.

यावरून मी चार वर्षांपूर्वी एक ट्रे लावला. कोकणातल्या एका घराच्या बांधकामावर उरलेला जांभ्याचा चिरा, ज्याला सिमेंट लागलेलं नव्हतं, फोडून चाळला. त्याची दोन-तीन मिलिमीटरची खडी दोन भाग, सिलिका सँड एक भाग, धुतलेला भुसा अर्धा भाग. त्यावर ड्रॉसेरा बर्मानीचं बी, एका मित्राच्या कुंडीतलं. पठारावरून रोप किंवा बी आणू नका, कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, आणि उपटलेलं रोप घरी पोहोचेपर्यंत मेलेलं असतं. जांभ्यातली ही झाडं पीटमधल्यांपेक्षा लहान राहतात, पण दव जाड आणि रंग लालभडक येतो. बर्मानी वर्षभरात म्हातारी होते, बी टाकते आणि त्याच ट्रेमध्ये पुन्हा उगवते. तेव्हापासून मी त्या ट्रेमध्ये नवीन काही घातलेलं नाही.

तुम्हाला करायचं असेल तर ऑक्टोबरात करा, उघड्यावर ट्रे असेल तर पावसाच्या थेंबांनी बी उडून जातं. बी धुळीइतकं बारीक असतं. कागदाच्या घडीतून ओल्या मिश्रणावर भुरभुरा, वरून काहीही झाकू नका, त्याला उजेड लागतो. पाणी फक्त खालून. ट्रेवर काच किंवा पारदर्शक डबा ठेवा, उगवल्यावर रोज थोडा सरकवत काढा. दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात, आणि ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झाला की भिंगातून बघा, तेव्हाच त्यावर दव असतं.